एम्लिन प्रॉथेरोचा उजवा हात

ऑल्डर क्रीकच्या लोकांना एम्लिन प्रॉथेरो कधीच आवडला नाही, आणि त्यांनी ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. आठवडाभर खाणीत वाकून कोळसा फोडणाऱ्या माणसाला रविवारी दुपारी एकच गोष्ट बघायची असते: बेसबॉलच्या मैदानात कोणीतरी बॅट फिरवावी आणि चेंडू कुंपणावरून रेल्वेच्या रुळांवर जाऊन पडावा. एम्लिनच्या बॅटीतून तो कधी तिथे गेला नाही. तो बॅट घेऊन आला की लाकडी बाकांवरून सुरुवात व्हायची.

"अरे, ती बॅट आहे, छत्री नाही!"

"प्रॉथेरो, तू बस, बायकोला पाठव!"

त्याची बायको ऑलवेन तिसऱ्या रांगेत बसलेली असायची. ती मागे वळून एकदा बघे. ओरडणाऱ्याने टोपी खाली ओढून घेतली की मग ती पुन्हा पुढे बघू लागे.

तरीही गावाच्या संघाने त्याला इतकी वर्षं पगार दिला तो कॅचर होता म्हणून, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरने फेकलेला चेंडू झेलणारा. बॅटरच्या पुढ्यात जमिनीत बसवलेल्या फळीच्या, म्हणजे प्लेटच्या मागे, तोंडावर लोखंडी जाळी आणि छातीवर गादी बांधून तो बसला की त्याच्यामागे चेंडू जात नसे. पिचरच्या हातातून निसटून मातीत आपटलेला, दगडाला लागून उसळलेला, बॅटीची कड घेऊन दिशा बदललेला, कुठलाही चेंडू तो हातमोजात घेई, आणि तिथे जमला नाही तर छातीवर, मांडीवर, गळ्याच्या हाडावर घेई. पिचरची नजर चुकवून पुढचा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा थांबा, चोरायला पळणाऱ्याला त्याने फेकलेला चेंडू तिथे आधीच भेटायचा. पण जे घडूच दिलं नाही त्यासाठी कोण टाळ्या वाजवणार? लोकांना त्याचं बॅट चुकवणं दिसे, आणि दिसे ते बरोबरच होतं.

त्याचा स्वभावही लोकांना धरून ठेवणारा नव्हता. बोलणं कमी. सामना झाला की तो मधल्या गल्लीतून घरी जाई, ऑलवेनने उकळून ठेवलेल्या मिठाच्या पाण्यात उजवा हात बुडवून बसे आणि कोबीचं सूप डाव्या हाताने पिई. त्या उजव्या हाताची बोटं जुन्या कुंपणाच्या खुंट्यांसारखी दिसत, एकीचं तोंड दुसरीकडे नाही. वडील खाणीतच खोकून खोकून गेले होते. थोरला भाऊ अजून खाली उतरत होता आणि तोही खोकू लागला होता. घरात नवरा-बायको दोघांनी एकच गोष्ट ठरवली होती: खेळ संपला तरी एम्लिनने खाणीत जायचं नाही. पुढे काय करायचं ते मात्र ठरलेलं नव्हतं, आणि त्याचे गुडघे आता उठताना आवाज करू लागले होते.

त्याची एक कला अशी होती की तिनेच त्याचं वाटोळं केलं. प्लेटच्या वरून आलेला चेंडू स्ट्राइक आणि बाजूने गेलेला बॉल, हे ठरवायचं मागे उभ्या असलेल्या पंचाने. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. एम्लिन काठावरचा चेंडू इतका हलक्या हाताने घेई की घेता घेताच तो बोटभर आत आलेला असे. झटका नाही, ओढणं नाही. झोपलेलं मूल उचलून कुशीवर वळवावं तसं. पंचांना वाटे, चेंडू आतच होता. पिचरांना फुकटचे स्ट्राइक मिळत.

ऑटो क्रेशमर नावाच्या पंचाने अशी फसवणूक बरीच वर्षं नकळत सोसली. क्रेशमर हा खालच्या खोऱ्यातला जर्मन घराण्यातला, ताडमाड उंच माणूस. हिवाळ्यात डुकराचं मांस खारवून विकायचा आणि उन्हाळाभर पंचगिरी करायचा. एकदा पोर्ट लिंडनच्या संघाशी सामना असताना त्याने अशाच एका चेंडूवर त्यांच्या बॅटरला बाद दिलं.  बॅटरने बॅटीच्या टोकाने मातीत एक रेघ मारली, प्लेटपासून चांगली हातभर लांब, चेंडू कुठे होता ते दाखवायला. पंचाचा यापेक्षा मोठा अपमान नाही. क्रेशमरने त्याला तिथल्या तिथे मैदानाबाहेर काढलं. पण रेघ सगळ्यांनी पाहिली होती, सगळं मैदान हसत होतं, आणि क्रेशमरनेही रेघेकडे बघून मनाशी हिशेब केला होता.

"चोर आहेस तू, प्रॉथेरो," तो जाळीआडून म्हणाला.

"तुम्ही बघताय काय ते मी कसं ठरवणार?" एम्लिन पुढे बघतच म्हणाला.

"आजपासून मी तुझा हात बघणारच नाही."

आणि त्याने शब्द पाळला. त्या दिवसापासून एम्लिन प्लेटमागे असला की काठावरचा चेंडू बॉल. काठाच्या आतला, पण जरा शंका येईल असा, तोही बॉल. दुसरा पंच असला की ऑल्डर क्रीक जिंकायचं आणि क्रेशमर असला की हरायचं, असं दोन उन्हाळे चाललं. पिचर आधी क्रेशमरला शिव्या देत, मग हळूहळू एम्लिनला देऊ लागले. "तुझं भांडण आणि आमची मरणं," असं एक जण त्याच्या तोंडावर म्हणाला. त्याच्या बुटांत कोणीतरी तंबाखूची पिंक टाकून ठेवू लागलं. त्याने कधी विचारलं नाही कोण. बूट उपडे करून पुसायचा आणि घालायचा.

सगळ्यांत जास्त राग लॉयल ट्रूस्डेलचा. ओहायोच्या शेतातून आलेला पोरगेला पिचर, अंगाने बैल, आणि चेंडू असा फेकायचा की हवेत शिट्टी ऐकू यावी. वरच्या लीगची माणसं त्याला बघायला येणार अशी आवई होती, आणि क्रेशमरच्या हाताखाली त्याचे सामने मातीत जात होते. तो एम्लिनला 'आजोबा' म्हणे. बाकी बोलणं बोटांच्या खुणांवर: एम्लिन मांड्यांच्या मध्ये एक बोट दाखवी तेव्हा वेगाचा चेंडू, दोन दाखवी तेव्हा वळणारा.

त्या उन्हाळ्याचा शेवटचा रविवार. पोर्ट लिंडनशी सामना, जिंकेल तो लीगचा विजेता, आणि पंच क्रेशमर. सकाळी संघाचा मॅनेजर बर्क हॅगर्टी, ज्याला सगळे कप्तान म्हणत, याने एम्लिनला आपल्या खोलीत बोलावलं. ट्रूस्डेल तिथे आधीच खिडकीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता.

"बस, एम," हॅगर्टी म्हणाला. "पुढच्या वर्षी मी वरच्या लीगमध्ये जातोय. माहीत आहे ना?"

"ऐकलं, कप्तान."

"तिथे मला कॅचरांना शिकवायला माणूस लागणार. बॅट धरता येत नसली तरी चालणारा." हॅगर्टी हसला. "तू येशील?"

एम्लिनने मान डोलावली. 

"मग आज एक काम कर. बेस मोकळे असताना तू वळणारा मागायचा आणि उजव्या हाताने जाळीची खालची पट्टी धरायची. ती खूण. पण लॉयल वळणारा टाकणार नाही. हा पूर्ण वेगाने वर टाकेल. तू खाली वाकलेलाच राहायचं. बास. बाकीचं चेंडू बघून घेईल."

क्रेशमरची जाळी हनुवटीपर्यंत यायची. खाली गळा उघडा.

"माणूस मरेल," एम्लिन म्हणाला.

"मरत नाहीत रे," ट्रूस्डेल शेंग तोंडात टाकत म्हणाला. "खोकतात."

"भांडण तू लावलंस, एम," हॅगर्टी म्हणाला. "मिटव तूच. पोरांना ते बघायचंय, आणि मलाही. मला कळलं पाहिजे मी बरोबर कोणाला नेतोय."

एम्लिन टोपी हातात घेऊन उठला. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मैदानावरच्या माणसांत गप्प राहणं म्हणजे होकार, हे इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं असं नाही.

घरी जेवताना त्याने ऑलवेनला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सुरी थांबली नाही.

"क्रेशमर म्हणजे तोच ना, ज्याच्यामुळे तुझ्या बुटात थुंकतात?"

"तोच."

"मग तू वाकून राहणार."

"खूण मी देणार नाही. मग त्याला टाकताच येणार नाही."

"आणि शिकवायचं काम?"

"जिंकलो तर नेईल तो. जिंकल्यावर कोण कशाला आठवतंय?"

ऑलवेनने बटाटा पाण्यात टाकला. "तुझा भाऊ काल आला होता. जिना चढून आला आणि बोलायच्या आधी किती वेळ भिंतीला धरून उभा होता. मी एवढंच सांगते, मला कोणाच्या गळ्याचं काही पडलेलं नाही."

दुपारी बाकं गच्च भरली. क्रेशमर मैदानात आला तेव्हा त्याच्यावर सडका टोमॅटो आला, तो त्याने बाहीने पुसला. प्लेटमागे एम्लिन बसला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

ट्रूस्डेल त्या दिवशी फार सुंदर चेंडू टाकत होता, आणि क्रेशमर त्याचे काठावरचे सगळे कापत होता. बेस मोकळे असताना प्रत्येक वेळी ट्रूस्डेल खुणेची वाट बघत थांबे. एम्लिन बोटं दाखवी, जाळीला हात लावत नसे. संघाच्या बाकावर बसलेला हॅगर्टी आधी हसत होता, मग हसायचा थांबला. पाचव्या डावाच्या शेवटी ट्रूस्डेल जाताना एम्लिनच्या खांद्याला मुद्दाम धडकला.

"काय आजोबा, हात लुळा पडला का?"

सातव्या डावात दोन्ही संघ बरोबरीत होते. पोर्ट लिंडनची माणसं तिन्ही बेसांवर उभी, बॅटरचे तीन बॉल आणि दोन स्ट्राइक झालेले. चौथा बॉल पडला की बॅटरला फुकट पहिला बेस, आणि सगळे एकेक बेस पुढे सरकून एक धाव पोर्ट लिंडनला आयती. तिसरा बॉल तर एम्लिनच्या मते चक्क प्लेटच्या मधोमध होता.

"तो कुठे होता?" त्याने विचारलं.

"तुझ्या हातात होता," क्रेशमर म्हणाला. "तेवढं मला पुरे."

पुढचा चेंडू बॅटीची कड घेऊन सरळ एम्लिनच्या जाळीवर आदळला, म्हणून मोजणी तिथेच राहिली. कानात घंटा वाजली. जाळी फिरून एक डोळा झाकला गेला होता. अशा वेळी कुठलाही कॅचर जे करतो तेच त्याने केलं: दोन बोटं दाखवली, वळणारा खाली हवा म्हणून हातमोजा मातीजवळ धरला, आणि जाळी सरळ करायला उजव्या हाताने तिची खालची पट्टी धरून ओढली.

समोर ट्रूस्डेलने होकाराची मान डोलावली. ट्रूस्डेल कधी मान डोलावत नसे. खूण पटली की तो नुसता टाकत असे. हे एम्लिनच्या ध्यानात आलं तोवर चेंडू सुटला होता, आणि तो वळत नव्हता.

तीन माणसं बेसांवर असताना ही खूण चालणार नाही, हे ट्रूस्डेलच्या डोक्यात आलंच नाही. दुपारभर तो तिची वाट बघत होता. चेंडू शिट्टी वाजवत एम्लिनच्या उजव्या खांद्यावरून, मागे ओणवलेल्या क्रेशमरच्या गळ्याच्या रोखाने येत होता. हातमोजा खाली, डाव्या हातात. वाकून राहायचं, एवढंच करायचं होतं. किंबहुना काहीच करायचं नव्हतं. क्रेशमरबद्दल त्याच्या मनात तेव्हाही दया नव्हती. पण जे शरीर इतकी वर्षं चेंडूच्या आड येत होतं त्याला कोणी विचारून थांबवू शकलं नसतं. उघडा उजवा हात वर गेला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. चेंडू त्याच्या पायाशी पडला.

"बॉल!" क्रेशमर ओरडला. "बेस घ्या!"

तिसऱ्या बेसवरचा माणूस चालत चालत प्लेटपर्यंत आला. धाव झाली. बाकांवरून बाटल्या येऊ लागल्या.

एम्लिन गुडघ्यावर होता. अंगठा मनगटाकडे वळला होता. तेवढ्यात क्रेशमर पुढे आला, सगळ्यांकडे पाठ करून वाकला आणि खिशातला लहान ब्रश काढून प्लेट झाडू लागला. प्लेट स्वच्छ होती. मार लागलेल्याला कोणी बघू नये, त्याला श्वास परत मिळावा, म्हणून पंच असं करतात, आणि पंचाला लागलं की कॅचर उगाच पिचरशी बोलायला चालत जातो. दुष्मनालाही हे नाकारायचं नसतं.

"तो माझ्यासाठी होता," क्रेशमर झाडता झाडता म्हणाला.

"वळणारा मागितला होता."

"खोटं बोलू नकोस. मला मागून सगळं दिसतं."

"मग स्ट्राइक का दिसत नाहीत?"

क्रेशमरने आणखी थोडं झाडलं. "बोटं हलतात?"

"दोन हलतात."

"पुरतील." तो उठला, मागे गेला आणि म्हणाला, "खेळा!"

एम्लिनने तो डाव मोडक्या हाताने पुरा केला. पुढच्या बॅटरला पडलेला एक चेंडू काठावर होता. क्रेशमरने तो बॉल दिला.

त्या एका धावेने ऑल्डर क्रीक हरलं. कपडे बदलायच्या खोलीत एम्लिन आला तेव्हा त्याची पेटी आधीच बाहेर ओसरीत फेकलेली होती. हॅगर्टी दारात उभा होता.

"खूण तू दिलीस."

"जाळी सरळ केली, कप्तान. फिरली होती."

आतून कोणीतरी हसलं. ट्रूस्डेल उघड्या अंगाने पुढे आला. "जाळी सरळ केली म्हणे! भरल्या बेसांवर मला खूण देतो आणि मग स्वतःच झेलतो. तुला मला बुडवायचंच होतं, म्हाताऱ्या. त्या जर्मनाने तुला काय कबूल केलंय?"

"खूण असती तरी भरल्या बेसांवर टाकायचा नसतो," एम्लिन म्हणाला. "तो मागे गेला असता तर एकाच्या जागी दोन धावा झाल्या असत्या."

हे खरं होतं, आणि म्हणूनच कोणाला ऐकायचं नव्हतं. ट्रूस्डेलने त्याच्या छातीवर धक्का दिला. हॅगर्टीने दोघांच्या मध्ये हात घातला, एम्लिनला वाचवायला नव्हे, पिचरचा हात वाचवायला.

"मला हो किंवा नाही म्हणणारा माणूस चालतो," तो म्हणाला. "तू ना धड इकडचा ना तिकडचा. जा, एम. वरच्या लीगमध्ये मला तू दिसायला नको आहेस."

असा एम्लिनला नारळ मिळाला. फाटकाशी गर्दी थांबली होती. तिच्यातून वाट काढत ऑलवेन आली, पेटीचं एक टोक तिने धरलं, दुसरं त्याने डाव्या हाताने. कोणीतरी तिच्या कोटावर थुंकलं. ती थांबली, थुंकणाऱ्याला नाव घेऊन म्हणाली, "तुझ्या आईच्या आजारपणात सूप कोणी आणलं होतं रे?" आणि पुढे चालू लागली. सगळ्या रस्त्यात नवऱ्याशी ती एक शब्द बोलली नाही.

दोन दिवसांनी क्रेशमर दारात आला. टोपी न काढता उभ्या उभ्याच बोलला. लीगच्या अध्यक्षांकडे तक्रार करतोय, ट्रूस्डेल आणि हॅगर्टी दोघांवर. एम्लिनने साक्ष दिली तर दोघांनाही खेळ बंद होईल.

"माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही," एम्लिन म्हणाला.

"त्यांनी तुला हाकलला ना?"

"तो आमचा आपसातला मामला."

"चोर तर होतासच," क्रेशमर म्हणाला, "आता मूर्खही झालास." तो पायऱ्या उतरून गेला. साक्षीविना तक्रार कोणी ऐकली नाही.

मग मात्र ऑलवेनचा बांध फुटला. "एक चेंडू! इतक्या वर्षांत एक सोडायचा होता, तो सोडवला नाही तुला. आणि आता जे थुंकले त्यांचीच पाठराखण!"

"हात गेला वर. मी पाठवला नाही."

"हात गेला म्हणे. हात तर गेलाच. घरही बुडालं त्याच्याबरोबर."

शेवटी ठरवलेलं मोडून एम्लिन खाणीवर काम मागायला गेला. खाणीच्या डॉक्टरने त्याचा अंगठा बघितला आणि फावडं धरता येणार नाही असं सांगून त्याला खाली पाठवायला नकार दिला. त्याला कोळसा निवडायच्या शेडमध्ये जागा मिळाली. घसरगुंडीवरून वाहत येणाऱ्या कोळशातून दगड वेचायचे. गावात म्हणत, शेडच्या बाकावर माणूस दोनदा बसतो, पोर असताना आणि मोडल्यावर. धूळ तिथेही होती, पण खाली होती तेवढी नव्हती. शेजारचे वेचणारे पहिल्या महिन्यात त्याच्याशी बोलले नाहीत. नंतर बोलले ते टोमणे मारायलाच. तो उत्तर देत नसे, दगडही सोडत नसे. ऑलवेन रोज सकाळी त्याच्या अंगठ्याला फडकं घट्ट बांधून देई. ते बांधताना तिचा राग बोटांत उतरे आणि त्याला दुखे, आणि तो हात मागे घेत नसे. सगळा हिवाळा त्या घरात असा गेला.

वसंतात सामने सुरू झाले. एम्लिन जायचं म्हणत नव्हता. ऑलवेननेच कोट घातला.

"तिकिटाचे पैसे माझे आहेत. त्यांना वाटायला नको आपण घाबरलो."

ती आपल्या तिसऱ्या रांगेत बसली, तो तिच्या शेजारी. लोकांनी कोपरांनी एकमेकांना ढोसलं. हॅगर्टी आणि ट्रूस्डेल दोघंही वर गेले होते. प्लेटमागे नवा कॅचर होता, गोरा, बॅटीचा पक्का, आणि दुसऱ्याच चेंडूला त्याने हात नुसता दाखवला. चेंडू मागच्या फळीवर आपटला.

सामन्याच्या मध्ये विसावा होता तेव्हा क्रेशमर कुंपणाशी आला. लोक शिव्या घालत होते. त्याने इकडे तिकडे न बघता टोपी काढली आणि ऑलवेनसमोर धरून उभा राहिला.

"टोपी घाल," ऑलवेन म्हणाली. "तुझा गळा आम्हाला फार महाग पडला."

"ठाऊक आहे, बाई."

"ठाऊक असून काय उपयोग? ते भरून देता येतं का तुला?"

"नाही."

"मग जा."

क्रेशमरने टोपी घातली. एम्लिनकडे बघून काहीतरी म्हणावं असं त्याला वाटलं असेल. पण तो प्लेटकडे वळला, आणि एम्लिन आपल्या फडक्याची गाठ चाचपत बसला. खेळ पुन्हा सुरू झाला. ऑल्डर क्रीकच्या पिचरने एक चेंडू काठावर टाकला. क्रेशमरने तो बॉल दिला. बाकांवरून आरडाओरडा उठला.

"बरोबर आहे," एम्लिन हळूच म्हणाला. "बाहेर होता तो."

"तू गप्प बस," ऑलवेन म्हणाली, आणि उभी राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, तिने सगळ्यांपेक्षा मोठ्याने क्रेशमरला आंधळा म्हटलं.